नाव पाटीवर, ग्रंथ कपाटात

बिहारच्या राजकारणाची कोणतीही मोठी बातमी निघाली की पाटण्यातील एक पत्ता हमखास कानावर पडतो – 'एक, अणे मार्ग'. कित्येक दशके बिहारच्या मुख्यमंत्र्यांचे शासकीय निवासस्थान याच पत्त्याने ओळखले गेले. तेथे कोणाची सरकारे बनली आणि कोणाची मोडली, याचा हिशेब मराठी वृत्तवाहिन्यांच्या प्रेक्षकांनाही तोंडपाठ असतो. परंतु हे 'अणे' कोण, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या एखाद्या सुशिक्षित दिवाणखान्यात विचारून पाहावा. उत्तराऐवजी बहुधा शांतताच पदरी पडेल.

हे अणे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. माधव श्रीहरी अणे. विदर्भाचे लोकनायक बापूजी. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीत जन्मलेला हा पुरुष १९४८ ते १९५२ या काळात बिहारचा राज्यपाल होता आणि पाटण्याने त्याचे नाव रस्त्याला देऊन जपले. महाराष्ट्रानेही त्याला अगदीच विसरून टाकले असे नाही. यवतमाळात त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे, जयंतीला तसबिरीला हारही पडतो. मात्र ज्या ग्रंथासाठी हा माणूस भारतीय साहित्याच्या इतिहासात गणला गेला पाहिजे, तो ग्रंथ उघडून पाहिलेला मराठी वाचक शोधावा लागतो. नाव पाटीवर आहे, ग्रंथ कपाटात आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी करण्याची वेळ आता आली आहे.

संमेलन गाजले कशावरून?

यवतमाळ म्हटले की उर्वरित महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या एवढेच चित्र उभे राहते. ते दुःख खरे आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे काही कारण नाही. परंतु एखाद्या भूमीला केवळ तिच्या जखमेवरून ओळखणे हाही तिच्यावरचा अन्यायच होय.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरले. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे यांच्यासारख्या व्यासंगी लेखिका होत्या. हे संमेलन गाजले ते कशावरून? नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेण्यात आले, यावरून. घरी बोलावलेल्या पाहुण्याला वाटेवरूनच परत फिरवणे कोणत्याही यजमानाला शोभणारे नाही, हे स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे. अखेर जिल्ह्यातीलच एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते उद्घाटन झाले, ही त्या गदारोळातील हृद्य गोष्ट. पण ज्यांनी कित्येक दिवस वृत्तपत्रांचे रकाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेने भरले, त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते की याच जिल्ह्याने १९२८ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाला अध्यक्ष दिला होता, आणि त्या अध्यक्षाने स्वातंत्र्याची किंमत लेखणीबरोबरच कारावासानेही चुकती केली होती?

योगायोग याहूनही बोलका आहे. यवतमाळात त्यापूर्वीचे संमेलन भरले ते १९७३ साली, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली. त्याच १९७३ चा साहित्य अकादमीचा संस्कृत भाषेसाठीचा पुरस्कार जाहीर झाला तो बापूजी अणे यांच्या 'श्रीतिलकयशोऽर्णव' या लोकमान्य टिळकांवरील महाकाव्याला. कवी तोवर हयात नव्हता. २६ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे प्रजासत्ताकदिनीच, त्याने देह ठेवला होता. त्याच वर्षी पद्मविभूषणाने त्याचा गौरव झाला होता. सन्मानात कोठेच कमतरता नाही. कमतरता आहे ती वाचनाची.

खाने तयार, माणूस मावेना

असे का व्हावे? मराठी विचारविश्वाच्या मक्तेदारांनी थोर पुरुषांसाठी काही खाने तयार करून ठेवले आहेत. एका खान्यावर 'पुरोगामी' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'प्रतिगामी'. एकावर 'गांधीवादी', दुसऱ्यावर 'हिंदुत्ववादी'. माणूस आला की त्याच्या अंगावर चिठ्ठी डकवायची आणि त्याला खान्यात सारायचे. ग्रंथ वाचण्याचे कष्ट उरत नाहीत. ही वर्गवारी ज्यांना सोयीची, त्यांच्यावर चरित्रे निघतात, परिसंवाद होतात. जो कोणत्याच खान्यात मावत नाही, त्याला अडगळीत टाकले जाते.

बापूजी अणे नेमके असे न मावणारे होते. ते टिळकांचे कट्टर अनुयायी. यवतमाळात वकिली करताना त्यांनी होमरूलचा प्रचार केला, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस 'लोकमत' हे साप्ताहिक चालवले. टिळकांच्या निधनानंतर काँग्रेसची सूत्रे गांधीजींच्या हाती गेली तेव्हा कायदेमंडळांवरचा बहिष्कार बापूजींना पटला नाही. न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्यासमवेत ते प्रतिसहकाराच्या बाजूला उभे राहिले. इतक्यावरून त्यांना 'गांधीविरोधक' या खान्यात टाकावे, तर १९३० साल आडवे येते.

विदर्भाला समुद्र नाही. मिठाचा सत्याग्रह करायचा कोठे? वऱ्हाडातील शेतकऱ्याला रोज छळणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. राखीव जंगलातील गवत कापणे हा गुन्हा ठरवून सरकारने गुराढोरांच्या तोंडचा चारा कायद्याने काढून घेतला होता. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून हा कायदा मोडला आणि तुरुंगाची वाट धरली. अकराच दिवसांनी, २१ जुलैला, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी याच सत्याग्रहात कायदेभंग केला आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. दांडीचा समुद्रकिनारा पाठ्यपुस्तकात आला. पुसद आणि लोहाऱ्याचे गवत किती मुलांना माहीत आहे?

१९३३ साली काँग्रेस बेकायदा ठरलेली असताना तिचे हंगामी अध्यक्षपद बापूजींनी सांभाळले. पुढच्याच वर्षी, जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने घेतलेली 'ना स्वीकार, ना नकार' ही भूमिका राष्ट्राच्या ऐक्याला घातक आहे असे मानून, पंडित मदनमोहन मालवीयांसह त्यांनी वेगळी वाट धरली आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष उभा केला. कालपर्यंत ज्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले, तिच्याविरुद्ध तत्त्वासाठी उभे राहण्यास किती धैर्य लागते, हे आजच्या पक्षांतरांच्या काळात वेगळे सांगायला नको. त्या मतभेदात खुर्चीचा हिशेब नव्हता.

मग त्यांना 'निष्कलंक राष्ट्रनायक' अशी सोन्याची चिठ्ठी लावावी काय? तीही चिकटत नाही. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४२ साली चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी दिल्लीत त्यांच्याच दारात उपोषणाला बसले, तेव्हा बापूजी त्या मंडळात होते. हा प्रसंग त्यांच्या चरित्रातील वेदनादायी प्रसंग आहे आणि तो वगळून लिहिलेले चरित्र खोटे ठरेल. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण आरंभले. सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना, तेव्हा ज्या तिघांनी त्या मंडळाचे राजीनामे दिले त्यांत होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजी अणे होते. ज्यांच्या मार्गाशी त्यांचे आयुष्यभर मतभेद झाले, त्यांच्या प्राणांसाठी त्यांनी पद सोडले.

मराठी साहित्य संमेलनाचा हा अध्यक्ष पुढे स्वतंत्र विदर्भाचा खंदा पुरस्कर्ता झाला आणि १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आला. मराठीवर प्रेम करावे आणि राज्याच्या सीमेबद्दल वेगळे मत ठेवावे, या दोन गोष्टी एका हृदयात नांदू शकतात, हेही खानेवाल्यांना पेलणारे नव्हते.

एकाच गावातील दोन दिवे

प्रश्न एकट्या बापूजींचा असता तर तो योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण याच यवतमाळात यशवंत खुशाल देशपांडे नावाचे संशोधक होऊन गेले. मराठीचे आद्य गद्य ज्या महानुभाव पंथाच्या मठांत शेकडो वर्षे सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते, त्या वाङ्मयाच्या शोधात त्यांनी आयुष्य घातले. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालचा. यवतमाळचे 'शारदाश्रम' हे या संशोधनाचे केंद्र. मराठी साहित्याचा इतिहास मागे नेणारे हे काम विद्यापीठांच्या छायेत झालेले नाही. कापसाच्या गाड्या जिनांकडे वळत होत्या अशा एका जिल्ह्याच्या गावी, अपुऱ्या साधनांनिशी ते झाले आहे.

एकाच गावातील हे दोन दिवे एकमेकांसमोर ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. देशपांडे सांकेतिक लिपीच्या कुलुपातून मराठी मोकळी करीत होते. बापूजी संस्कृतला विसाव्या शतकाच्या चव्हाट्यावर आणून उभे करीत होते. देवगिरीच्या पंडितांच्या भाषेत ग्रंथ रचू नयेत, सामान्य बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत रचावेत, असा आग्रह महानुभाव आचार्यांनी धरला. त्या आग्रहाचा अभ्यास करणारे आणि संस्कृतात महाकाव्य लिहिणारे यवतमाळात एकाच काळी नांदले. त्यांना यात विरोध दिसला नाही. विरोध दिसतो तो खाने करणाऱ्यांना.

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते; ते मध्यप्रांताला जोडलेले होते. मराठी प्रबोधनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इलाख्याची सीमा हीच विचारांची सीमा मानली. जांभेकर, लोकहितवादी, फुले, रानडे, आगरकर, टिळक या थोरांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या नामावळीपाशी इतिहास संपवणे आणि नागपूरच्या अलीकडे-पलीकडे केवळ श्रोते राहत होते असे समजणे, हा कोता विचार झाला. इलाखा जाऊन पाऊणशे वर्षे लोटली, त्याची भिंत मात्र अभ्यासक्रमांत आणि ग्रंथसूचींत शाबूत आहे.

संस्कृतातच का?

आता मुख्य आक्षेप. टिळकांचे चरित्र लिहायचे होते तर मराठीत लिहावे, इंग्रजीत लिहावे. सुमारे १२ हजार श्लोकांचे, तीन खंडांचे महाकाव्य संस्कृतात लिहून बापूजींनी काय साधले? ते वाचणार कोण?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बापूजींना मराठीचे वावडे नव्हते. मराठी वृत्तपत्र त्यांनी चालवले, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. इंग्रजीत ते मध्यवर्ती कायदेमंडळात बोलले. १९२८ च्या नेहरू समितीवर मोतीलाल नेहरू, तेजबहादूर सप्रू आणि सुभाषचंद्र बोस यांच्यासह त्यांनी काम केले. ज्याला तिन्ही भाषांचे दरवाजे उघडे होते, त्याने आयुष्याच्या संचितासाठी संस्कृत निवडली. या निवडीमागे विचार आहे.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेवर चिंतन केले आणि १९१५ साली 'गीतारहस्य' मराठीत प्रसिद्ध झाले. संस्कृतातील ज्ञान त्यांनी मराठी माणसाच्या ओट्यावर आणून ठेवले. बापूजींनी त्या प्रवाहाची दुसरी दिशा पूर्ण केली. मराठी मातीतल्या एका कर्मयोग्याचे जीवन त्यांनी त्या भाषेत नेले, जिच्यात रामकथा आणि भारतकथा नांदतात. वृत्तपत्र, राजद्रोहाचा खटला, तुरुंग, सभा, होमरूल हे सारे ज्याच्या आयुष्यात आहे, अशा आधुनिक पुरुषाचे महाकाव्य संस्कृतात होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. संस्कृत ही मृत भाषा आहे, असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते?

आणि ते एकटे नव्हते. १९७३ चा अकादमी पुरस्कार बापूजींना, तर १९७४ चा नागपूरच्या डॉ. श्रीधर भास्कर वर्णेकर यांना, 'श्रीशिवराज्योदयम्' या शिवचरित्रावरील महाकाव्यासाठी. लागोपाठ दोन वर्षे संस्कृतचा राष्ट्रीय सन्मान विदर्भाकडे आला. एक टिळकांच्या चरित्रासाठी, दुसरा शिवछत्रपतींच्या. मराठी इतिहासातील दोन युगपुरुष अखिल भारतीय भाषेत महाकाव्याचे नायक झाले. अन्य कोणत्या प्रांतात असे घडते तर त्याचे केवढे कौतुक झाले असते!

राहता राहिला तो आरोप – संस्कृत ही एका वर्गाची मिरास आहे. बहुसंख्य समाजाला शतकानुशतके ही भाषा नाकारली गेली, हे कटू सत्य झाकून भागणार नाही. पण कुलूप लावलेल्या घराचा उपाय कुलूप तोडणे हा आहे, घर जाळणे हा नाही. १९४९ साली संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी अशी दुरुस्ती घटना समितीत लक्ष्मीकांत मैत्र यांनी मांडली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. ज्यांना त्या भाषेपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्याने ती अवघ्या राष्ट्राची व्हावी असे म्हणावे, आणि बाबासाहेबांचे नाव घेऊन भाषणे करणाऱ्यांनी मात्र संस्कृतचे नाव निघताच नाक मुरडावे, ही विसंगती कोणी उलगडून सांगेल काय?

दोष केवळ परक्यांचा नाही

येथवर वाचून राष्ट्रीय विचारांच्या घरांतून समाधानाचा सुस्कारा निघेल. तो निघू नये. डाव्या मंडळींनी बापूजींना उपेक्षिले हे मान्य. पण त्यांना वाचण्यापासून इतरांना कोणी अडवले होते?

सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरातील मुलगा आठवीला संस्कृत घेतो. का? तर त्या विषयात पैकीच्या पैकी गुण पडतात. दहावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळतात, पेढे वाटले जातात आणि अकरावीला त्या भाषेला कायमचा रामराम ठोकला जातो. शब्द पाठ, धातू पाठ, सुभाषिते पाठ. पण एक अखंड संस्कृत ग्रंथ उघडून वाचण्याची उमेद कोणाच्या मनात जागी होत नाही. संस्कृतचा अभिमान सभेत आणि तिचा व्यवहार गुणपत्रिकेत, हे दुटप्पीपण ज्या घरांत नांदते त्या घरांनी खानेवाल्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःची पुस्तकांची फडताळे तपासावीत.

थोर पुरुषांच्या बाबतीतही हेच घडते. त्यांची नावे घेऊन घोषणा होतात, मिरवणुका निघतात. त्यांचे ग्रंथ वाचायचे म्हटले की वेळ नसतो. ज्याने ग्रंथ वाचला नाही, त्याला ग्रंथकाराचा अभिमान मिरवण्याचा अधिकार तरी कोठून येतो? अभ्यासाविना अभिमान पोकळ असतो आणि पोकळ अभिमानाला प्रतिपक्षाने एक टोला दिला की तो फुटतो. बापूजींचे चरित्र ज्याला पूर्ण ठाऊक नाही, त्याच्यापुढे व्हाइसरॉयच्या मंडळाचा प्रश्न कोणी टाकला तर तो निरुत्तर होतो. ज्याला १९४१ ही ठाऊक आहे आणि १९४३ ही, तोच ताठ मानेने उत्तर देऊ शकतो.

ऑगस्टचे दोन दिवस

वणीने मराठी संस्कृतीला एकदाच देणगी दिलेली नाही. बापूजींच्या या जन्मगावी लोकमान्य टिळकांच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्याचे प्राचार्यपद भूषवलेले राम शेवाळकर १९९४ च्या पणजी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या वाणीतून संस्कृत काव्याची गोडी महाराष्ट्रातील हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचली. श्रोते मिळत नाहीत ही सबब त्यांनी आपल्या व्याख्यानांनी केव्हाच निकालात काढली. सांगणारा हवा, म्हणजे ऐकणारे येतात.

तेव्हा करायचे काय, हे अवघड नाही. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी असते, २९ ऑगस्टला बापूजींची जयंती. एकाच महिन्यात गुरू आणि शिष्य. या चार आठवड्यांत यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस येथील वाचनालयांनी आणि शाळांनी 'तिलकयशोऽर्णवा'चे नेमाने वाचन योजावे. संस्कृतच्या शिक्षकाने श्लोक म्हणावा, विद्यार्थ्याने त्याचा अर्थ मराठीत, हवे तर अस्सल वऱ्हाडीत सांगावा. ते वाचन एका आळीपुरते, एका आडनावांच्या यादीपुरते राहू नये. पुसदच्या रानात ज्यांच्या गुरांसाठी गवत कापले गेले, त्यांच्या नातवंडांना पहिल्या रांगेत बसवावे. विद्यापीठांनी या महाकाव्यावर प्रबंध लिहवून घ्यावेत आणि त्यांत स्तुतीबरोबर चिकित्साही असावी. व्याख्यानमालांच्या चालकांनी दरवर्षी त्याच त्या चार वक्त्यांना बोलावण्याऐवजी एक दिवस शारदाश्रमाच्या संशोधकांसाठी राखावा.

यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. बापूजींनी पुसदच्या जंगलात विळा उचलला तेव्हा कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. पाटण्याच्या रस्त्यावरील पाटी तेथील नगरपालिका पुसून घेईल. वणीच्या या कवीचा ग्रंथ कपाटातून बाहेर काढणे हे काम मराठी घरांचे आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.